बोडीच्या पोटात काय आहे? पाण्याखालच्या चित्रीकरणासाठी कॅमेरा, दिवा आणि फिल्टर कसा निवडावा



आपल्या ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही भागात आणि तिकडे वैनगंगेपलीकडे वडसा-आरमोरीकडे तलाव किंवा बोडी नसलेलं गाव सापडणं कठीण. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. यांनाच आपण मामा तलाव म्हणतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी यातले बरेचसे बांधले. १९५०-५१ च्या सुमारास मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. आपली मुलं रोज यांच्या पाळीवरून शाळेत येतात, पण तलाव म्हटलं की त्यांच्या वहीत निळी पाटी आणि वर कमळ एवढंच चित्र येतं. खाली काय चाललंय ते कोणी पाहिलेलंच नसतं.

आता छोटे कॅमेरे पाण्यात चालतात, म्हणून अनेक शाळा असा प्रकल्प घ्यायचं म्हणतात. गोची एकच होते. आधी कॅमेरा विकत घेतला जातो आणि मग पाणी पाहिलं जातं. क्रम उलटा हवा. म्हणून हा पाठ लिहिला आहे. दहावीच्या विज्ञानातल्या ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आणि ‘भिंगे’ या पाठांना तो थेट जोडता येतो.

१) पाणी प्रकाशाचं काय करतं?

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, पाणी रंग खातं. आधी लाल जातो. स्वच्छ समुद्रातसुद्धा पाच-सहा मीटर खोलीवर लाल रंग बहुतेक संपलेला असतो. त्यानंतर नारिंगी, मग पिवळा. शेवटी निळा-हिरवा तेवढा उरतो. आपल्या बोडीत शेवाळ आणि गाळ असल्यामुळे निळाही लवकर जातो आणि सगळं हिरवट-पिवळट दिसतं.

दुसरी, अपवर्तन. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. कॅमेऱ्याच्या सपाट काचेमागे हवा असते, त्यामुळे ४० सेंमीवरचा मासा कॅमेऱ्याला ३० सेंमीवर असल्यासारखा दिसतो. मासा मोठा दिसतो आणि चौकटीत मावणारा भाग कमी होतो. जमिनीवर ‘वाइड’ वाटणारा कॅमेरा पाण्यात तेवढा वाइड राहत नाही.

तिसरी, विखुरणं. पाण्यातले गाळाचे कण प्रकाश इकडेतिकडे फेकतात. कॅमेरा आणि वस्तू यांच्यामध्ये जितकं जास्त पाणी, तितकं चित्र धुरकट. म्हणून पाण्याखालच्या चित्रीकरणाचा पहिला आणि शेवटचा नियम हाच: झूम करू नका, जवळ जा.

२) खरेदीच्या आधी पाणी मोजा

सेची नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पाण्याची पारदर्शकता मोजायची सोपी पद्धत काढली. ती आजही जगभर वापरतात. २० सेंमी व्यासाची तबकडी घ्या. डब्याचं जुनं झाकण चालेल. तिचे चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या. खाली दगड बांधा, वर दोरी, आणि दोरीवर दर १० सेंमीला गाठ. डोंग्यातून किंवा पाळीवरून मोठ्या माणसाने ती हळूहळू सोडायची. तबकडी दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या.

पाण्याखाली चित्रण करणारे एक ढोबळ नियम पाळतात: नजर जिथवर पोचते त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आत वस्तू असावी. तबकडी ६० सेंमीवर गायब झाली, तर तुमचं काम १५ सेंमीच्या आतलं आहे. मालवणला तीच नजर ४ मीटर पोचली, तर १ मीटरवरूनही चांगलं चित्र येईल. या एका आकड्यावरून कोणता कॅमेरा घ्यायचा हे ठरतं.

महिनाही महत्त्वाचा. पावसाळ्यात आपलं पाणी मातीच्या रंगाचं असतं. धान निघून दिवाळी झाली की गाळ बसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. दर महिन्याला तबकडी टाकून मुलांनी आलेख काढला, तर कॅमेरा न घेताही एक चांगला प्रकल्प होतो.

३) कॅमेरा: तीन पर्याय

*अ) तारेचा एंडोस्कोप कॅमेरा.* गाडीचे मेकॅनिक, प्लंबर वापरतात तो. बोटाएवढा कॅमेरा, त्याच्या तोंडाभोवती छोटे एलईडी, मागे काही मीटर तार. तार मोबाइलला जोडायची. किंमत साधारण एक-दीड हजारांच्या आत. फोकस काही सेंटिमीटरवरचाच असतो, म्हणजे गढूळ बोडीसाठी उलट सोयीचा. चित्राचा दर्जा साधा. पण मोठा फायदा असा की चित्र तारेतून वर येतं, त्यामुळे पाळीवर बसलेल्या सगळ्या मुलांना त्याच क्षणी दिसतं.

*आ) अॅक्शन कॅमेरा.* गोप्रो, डीजेआय ऑस्मो अॅक्शन वगैरे. गोप्रोची हिरो-५ पासूनची ब्लॅक मॉडेलं वेगळ्या डब्याशिवाय १० मीटरपर्यंत चालतात. ऑस्मो अॅक्शन ४ ची मर्यादा १८ मीटर आहे. दृश्य रुंद आणि चित्र स्थिर. पण यांचा फोकस ठरलेला असतो आणि साधारण फूटभराच्या आतली वस्तू मऊ, पुसट येते. त्यात पाणी वस्तूला आणखी जवळ ‘आणतं’. १५ सेंमीवरचा किडा कॅमेऱ्यासाठी ११ सेंमीवर आहे. म्हणजे मालवणला जो कॅमेरा उत्तम, तोच आपल्या बोडीत नापास होऊ शकतो.

*इ) जवळ फोकस करणारा टिकाऊ कॉम्पॅक्ट.* ऑलिम्पस टफ टीजी-६ (२०१९) आणि त्याच्या पुढचा ओम सिस्टिम टीजी-७ (२०२३). दोन्ही १५ मीटरपर्यंत चालतात आणि भिंगापासून १ सेंमीवर फोकस करतात. पाणकिडे, गोगलगायीची अंडी, पाणवनस्पतीच्या मुळांवरचे बुडबुडे यासाठी याच्यासारखा दुसरा नाही. महाग आहे, म्हणून केंद्रातल्या चार-पाच शाळांनी मिळून घेतला तर परवडतो.

दोन खुलासे करतो, कारण हे प्रश्न हमखास येतात.

“मोबाइलवर आयपी-६८ लिहिलंय, मग तोच बुडवू का?” आयपी-६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी-६८ ची खोली कंपनी स्वतः ठरवते, आणि ती चाचणी स्थिर, गोड्या पाण्यातली असते. वर्षभर वापरलेल्या, एकदोनदा पडलेल्या मोबाइलवर तो भरवसा ठेवू नका.

“वायफायने मोबाइलवर चित्र दिसेल ना?” नाही. वायफायच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच संपतात. कॅमेरा बुडाला की संपर्क तुटला. म्हणून रेकॉर्डिंग वरच सुरू करायचं, मग बुडवायचं.

वेगळा डबा असेल तर त्याच्या रबरी कड्यावर केसभर कचराही चालत नाही. पहिल्यांदा डब्यात कॅमेरा न ठेवता टिश्यू पेपर ठेवून बादलीत अर्धा तास बुडवा. कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. सिलिका जेलची पुडी ठेवली की काचेवर वाफ धरत नाही.

४) दिवा: किती, यापेक्षा कुठून

थंडीत पहाटे धुक्यात गाडी चालवताना हेडलाइटचा अप्पर मारला की काय होतं? समोर पांढरी भिंत. पाण्यातही तेच. कॅमेऱ्याला चिकटून ठेवलेला दिवा गाळाचे कण उजळवतो आणि चित्रात बर्फ पडल्यासारखं दिसतं. म्हणून दिवा कॅमेऱ्यापासून हातभर बाजूला, थोडा तिरका धरायचा, म्हणजे उजेड वस्तूवर पडेल पण मधल्या पाण्यावर कमी पडेल. एंडोस्कोपचे एलईडी तोंडावरच असतात. ते अगदी मंद ठेवा किंवा बंद करून बाजूने वेगळी टॉर्च धरा.

घेताना काय पाहायचं? झोत रुंद हवा, १०० अंशांच्या आसपास. शिकारी बॅटरीसारखा टोकदार झोत मधेच पांढरा ठिपका पाडतो. फूट-दीड फुटाच्या कामाला हजारभर ल्यूमेन पुरतात. रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, सीआरआय, ९० च्या वर असावा. आणि लक्षात ठेवा, प्रकाश जाऊन परत येतो. वस्तू १ मीटरवर असेल तर त्याला २ मीटर पाणी ओलांडावं लागतं. दिवासुद्धा जवळूनच कामाचा.

५) फिल्टर: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

लाल फिल्टरबद्दल मोठा गैरसमज आहे. तो लाल रंग *घालत* नाही. तो निळा-हिरवा *अडवतो*, म्हणजे उरलेला लाल तुलनेने उठून दिसतो. त्यामुळे:

• निळ्या समुद्रात, साधारण ५ ते १५ मीटरमध्ये, दिवा नसताना: लाल फिल्टर.
• हिरवट पाण्यात: मजेंटा, म्हणजे गुलाबी-जांभळट फिल्टर.
• फार खोल, जिथे लाल उरलाच नाही: फिल्टर निरुपयोगी, दिवाच हवा.
• दिवा लावला असेल तर: फिल्टर काढा, नाहीतर सगळं लालभडक.
• आपल्या बोडीत, एक-दीड मीटरवर: फिल्टर नकोच. आधीच उजेड कमी, त्यात फिल्टर आणखी खातो.

बोडीसाठी फिल्टरच्या पैशात पांढरी प्लास्टिकची पाटी घ्या. ती पाण्यात कॅमेऱ्यासमोर धरून व्हाइट बॅलन्स हाताने लावा आणि तिथेच कायम ठेवा. ऑटोवर ठेवलं तर मासा हलला की रंग बदलतो.

६) कॅमेरा पाण्यात जाईल, मूल जाणार नाही

हा नियम फलकावर लिहा. शिंगाडा आणि इतर वेली पायात गुंततात. २०१७ पासून गाळमुक्त धरण योजनेत बऱ्याच तलावांतला गाळ निघाला, चांगलंच झालं, पण जिथून गाळ उचलला तिथे गुडघाभर पाण्यानंतर एकदम खोल खड्डा असू शकतो. म्हणून कॅमेरा आठ-दहा फुटी बांबूला घट्ट बांधा, शिवाय वेगळी दोरी आणि तरंगणारी मूठ लावा. तरीही सुटला तर कोणीही उडी मारायची नाही. कॅमेरा दुसरा येईल.

आपला भाग वाघांचा आहे. जंगलकाठच्या तलावावर पहाटे आणि सायंकाळी जायचंच नाही. यात एक सोय आहे. पाण्याखाली सर्वांत चांगला उजेड अकरा ते दोनच्या दरम्यान मिळतो, कारण सूर्य डोक्यावर असताना कमी प्रकाश परावर्तित होतो. म्हणजे सुरक्षित वेळ आणि चित्रणाची वेळ एकच. सोबत दोन मोठी माणसं, ग्रामपंचायतीची आणि तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी, वनक्षेत्र असेल तर वनविभागाची. एका तलावातून दुसऱ्यात जाताना बांबू, दोरी, कॅमेरा धुऊन वाळवा. वनस्पतीचा एक तुकडासुद्धा नव्या तलावात पसरू शकतो.

७) चित्रण झाल्यावर खरा पाठ

दहा मिनिटांचं चित्रण शाळेत लावा आणि त्या दिवशी गावातल्या एखाद्या ढिवर आजोबांना, मासे विकणाऱ्या आजीला पाहुणे म्हणून बोलवा. मुलांना फार तर रोहू, कतला आणि मरळ माहीत. आजोबा पडद्यावर बोट ठेवून छोट्या-छोट्या माशांची नावं सांगतील, कोणता कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणता हल्ली दिसत नाही तेही सांगतील. ही नावं पुस्तकात नाहीत. सांगणारी माणसं थकत चालली आहेत. मुलांनी ती नावं, बोलीत जशी आहेत तशीच, चित्राखाली लिहायची. ‘शुद्ध’ करायची नाहीत.

म्हणून हजाराचा एंडोस्कोप घेऊन वीस नावं मिळवणारी शाळा महागडा कॅमेरा कपाटात ठेवणाऱ्या शाळेच्या पुढेच आहे.

मुलांसाठी प्रश्न

१. तबकडी ८० सेंमीवर दिसेनाशी झाली. वस्तू किती अंतराच्या आत असावी? कोणता कॅमेरा निवडाल?
२. २४ सेंमीवरची गोगलगाय सपाट काचेच्या कॅमेऱ्याला किती अंतरावर दिसेल?
३. लाल फिल्टर आणि दिवा एकत्र का वापरू नये?
४. ऑगस्ट आणि जानेवारीत तुमच्या तलावाची पारदर्शकता वेगळी का असते? तीन कारणं लिहा.
५. घरातल्या मोठ्यांना विचारून तलावातल्या पाच माशांची बोलीतली नावं लिहून आणा.