तबकडी ते कारवाँ

तुमच्या घरी एखाद्या पेटीत जुनी कॅसेट पडलेली आहे का? असेल तर ती दादाजानांना दाखवा. ते आधी थोडे हसतील आणि मग पेन्सिल मागतील. कॅसेटची फीत बाहेर आली, की तिच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून ती पुन्हा गुंडाळावी लागे. त्या काळात हे काम घरातल्या प्रत्येक मुलाला येत असे.

कॅसेटच्याही आधी तबकडी होती. हा शब्द तुम्हांला परका वाटायचे कारण नाही. तुमच्या उर्दूतला 'तबक' म्हणजे थाळी. तोच शब्द मराठीत आला आणि लहान, चपट्या, गोल वस्तूला तबकडी म्हणू लागले. गाण्याची तबकडी काळ्या रंगाची असे. तिच्यावर एक अतिशय बारीक रेघ गोल गोल कोरलेली असे. त्या रेघेतून सुई फिरली, की आवाज उमटे. जुन्या तबकड्यांत लाख वापरत. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी पळस फुलतो ना, तशा झाडांवर लाखेचे किडे वाढतात. बांगड्यांची लाखही तीच. तबकडी हातातून पडली की फुटे, आणि तिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे.

१९०२ साली नोव्हेंबर महिन्यात लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्याला आले. तेथे त्यांनी गौहर जान या प्रसिद्ध गायिकेचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवायचा होता. गौहर जानने तो बसवला आणि गाणे संपताच इंग्रजीत मोठ्याने आपले नाव सांगितले. असे का केले असेल? तबकड्या तयार होणार होत्या दूर जर्मनीत, हॅनोव्हर शहरी. तेथल्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावे, म्हणून ही युक्ती. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये दमदम येथे मोठा कारखाना उभा राहिला. कर्ण्यासमोर बसून मालकाचा आवाज ऐकणारा कुत्रा हे या कंपनीचे चित्र. लोक तिला एच.एम.व्ही. म्हणत.

तुम्ही सेवाग्रामला गेला असाल. १९३६ साली गांधीजी तेथे राहायला आले. त्याआधी १९३१ मध्ये ते लंडनला गेले असताना कोलंबिया ग्राफोफोन कंपनीने त्यांचे ईश्वराविषयीचे भाषण तबकडीवर घेतले होते. बापूकुटीतली चटई आपण पाहू शकतो; पण त्यांचा आवाज ऐकायचा, तर असे ध्वनिमुद्रणच हवे.

एच.एम.व्ही.चा धंदा अनेक वर्षे चांगला चालला. तोलाचा प्रतिस्पर्धी नव्हता. मला वाटते, कंपनी सुस्तावली ती याच काळात. १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली. आपल्या देशात तिचा खरा जोर १९८० नंतर झाला. दिल्लीत वडिलांबरोबर फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये टी-सिरीज सुरू केली. त्यांनी कॅसेट स्वस्त केली आणि ती किराणा दुकानात व पानाच्या टपरीवरही विकायला ठेवली. जुनी लोकप्रिय गाणी त्यांनी नव्या गायकांकडून गाऊन घेतली. मोठी कंपनी पाहतच राहिली.

वर्ध्यातही तेव्हा कॅसेट भरून देणारे होते. आपण आवडत्या गाण्यांची यादी न्यायची; दुकानदार ती सारी गाणी एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचा. मीही अशा याद्या नेल्या आहेत. यात गायकाला, कवीला किंवा कंपनीला एक पैसाही मिळत नाही, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

पण कॅसेटला एक मर्यादा होती. नकलेची नक्कल केली, की खरखर वाढे. १९८२ मध्ये सी.डी. आली आणि ही मर्यादा संपली. सी.डी.त आवाज रेघेने कोरत नाहीत, आकड्यांत लिहितात. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाज मोजतात आणि ते आकडे साठवतात. आकडे हजार वेळा उतरवले तरी तेच राहतात. म्हणजे हजारावी नक्कलही अस्सल! पुढे जर्मन संशोधकांनी, कानाला जे सहसा जाणवत नाही ते गाळून, आकड्यांचा हा ढीग सुमारे दहापट लहान करण्याची रीत शोधली. तिला एम.पी.थ्री म्हणतात. १९९९ मध्ये अमेरिकेत नॅपस्टर निघाले आणि लोक संगणकावरून एकमेकांना फुकट गाणी देऊ लागले. न्यायालयाच्या आदेशामुळे २००१ मध्ये ते बंद झाले. पण सवय लागली ती लागलीच.

जी कंपनी वस्तू विकून जगते, तिची वस्तूच नाहीशी झाली तर तिने काय करावे? एच.एम.व्ही.च्या कंपनीने २००० साली 'सारेगामा' हे नाव घेतले. नावाने काही पोट भरत नाही. तिच्याजवळ खरी पुंजी होती ती लाखाहून अधिक गाण्यांच्या हक्कांची. ती गाणी तिने आकड्यांत उतरवली. गाणे विकण्याऐवजी ते वापरण्याची परवानगी विकायची, असा तिचा नवा व्यवहार झाला. मग २०१७ मध्ये तिने एक जुन्या रेडिओसारखी पेटी बाजारात आणली. आत ५००० गाणी आधीच भरलेली. इंटरनेट नको, काही शोधायला नको. कळ फिरवली की मोहम्मद रफी गाऊ लागतात. नाव ठेवले कारवाँ. त्याचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. मुलांनी आपल्या आईवडिलांसाठी या पेट्या भराभर घेतल्या. काही वर्षांनी तो भरही ओसरला.

आमच्या ओळखीचे एक चाचा पुलगावला राहतात. त्यांच्या मुलाने त्यांना कारवाँ आणून दिला. चाचांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "बेटा, यात कॅसेट कुठे घालायची?"

मुलगा हसला. चाचा हसले नाहीत. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. तेथे ऐकलेली एक कव्वाली त्यांनी तरुणपणी स्वतःच्या टेपरेकॉर्डरवर भरून आणली होती. ती कोणत्याच कंपनीची नव्हती, म्हणून त्या ५००० गाण्यांत ती नाही. कव्वाल आता हयात नाहीत आणि चाचांचा टेपरेकॉर्डर बंद पडला आहे.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. कॅसेट रुमालात गुंडाळून ठेवलेली होती. फीत थोडी चिकटली आहे. चालणारा टेपरेकॉर्डर कोणाकडे मिळेल का, याची चौकशी मी करतो आहे. तुमच्या घरी असेल, तर जरूर कळवा.