तेलाची टंचाई आणि आपला ऊस : ब्राझीलपासून घ्यायचा धडा



तेलाचा भाव वाढला की ट्रॅक्टरचे डिझेल महागते, ऊस वाहतूक महागते. आता तर इथेनॉलमुळे पेट्रोलचा आणि आपल्या ऊस बिलाचा थेट संबंध जडला आहे. म्हणून तेलाचे गणित प्रत्येक सभासदाने समजून घ्यायला हवे.

आपल्या विहिरीला पावसाळ्यात पुन्हा पाणी येते. तेलविहिरीला येत नाही. कोट्यवधी वर्षांचा साठा एकदा उपसला की संपला. अमेरिकेतले तेल उत्पादन १९७० साली शिगेला पोचले आणि मग उतरू लागले. बाहेरून तेल घेण्याची गरज वाढली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले. अरब देशांनी उत्पादन कमी केले, अमेरिकेला तेल बंद केले. पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलर होता, तो जानेवारी १९७४ पर्यंत १२ डॉलरच्या घरात गेला. जमिनीतले तेल काही तेवढ्यात आटले नव्हते. नळ ज्याच्या हाती, त्याने तो आवळला, एवढेच. पुढे नव्या तंत्राने अमेरिकेचे उत्पादन १९७० च्याही वर गेले. तेव्हा तेल उद्याच संपेल असे नाही. पण विकत घेणाऱ्याची मान दुसऱ्याच्या हाती राहते, हे खरे.

ब्राझील त्या वेळी आपले सुमारे ८० टक्के तेल बाहेरून आणत होता. त्यात साखरेचाही भाव पडला. तेव्हा १४ नोव्हेंबर १९७५ रोजी तिथल्या सरकारने उसापासून अल्कोहोल करून ते मोटारीत वापरण्याची मोठी योजना सुरू केली. आसवन्यांना स्वस्त कर्ज दिले, खरेदीची हमी दिली, पंपावर अल्कोहोल पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवले. १९७९ पासून निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी आल्या. १९८५ च्या सुमारास दहातल्या नऊ नव्या मोटारी अल्कोहोलच्याच होत्या!

पण पुढे झाले काय? १९८६ साली जगात तेलाचा भाव कोसळला. सरकारला सवलती जड वाटू लागल्या, हात आखडता झाला. पुढे साखरेचा भाव चढला, तसे कारखाने साखरेकडे वळले. १९८९ मध्ये अल्कोहोलचा तुटवडा पडला आणि पंपांवर रांगा लागल्या. लोकांचा विश्वास उडाला. तो परत यायला २००३ साल उजाडले. त्या वर्षी पेट्रोल आणि अल्कोहोल कोणत्याही प्रमाणात चालतील अशा मोटारी निघाल्या. आता जे परवडेल ते गिऱ्हाईक भरते.

आपल्याकडे पाहा. देश ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. ही संधी मोठीच आहे. पण डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. म्हणजे नळ इथेही आपल्या हाती नाही. शिवाय मक्यापासूनही आता मोठ्या प्रमाणावर इथेनॉल होते. आणि ब्राझीलचा बराचसा ऊस पावसावर येतो, आपला पाटाच्या आणि विहिरीच्या पाण्यावर.

यातून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) आसवनीचे कर्ज वार्षिक सभेपुढे आले की विचारा : एखादा हंगाम रस बंद झाला किंवा इथेनॉलचा भाव वाढलाच नाही, तर हप्ता कशातून जाणार? हा प्रश्न विचारणे म्हणजे विरोध नव्हे, तो सभासदाचा हक्क आहे.

२) साखर, रस, बी-हेवी मळी यांत गरजेप्रमाणे पालटता येईल अशी सोय कारखान्यात असावी. एकाच गिऱ्हाइकावर घर चालत नाही.

३) एकरी टनेज वाढवा, ठिबक करा. कमी पाण्यात आलेला टन कोणत्याही भावात तग धरतो.

तेल महागले की उसाला दिवस येतात, हे खरे. पण तेल कधी महागेल आणि कधी उतरेल, हे आपण ठरवत नाही. म्हणून चांगल्या दिवसांत कर्ज घेताना वाईट दिवसांचा हिशेब आधी मांडावा.