कंपोझिटच्या पायऱ्या : आधी माप, मग करवत

प्रश्न : न्यू जर्सीत घरामागच्या डेकला कंपोझिटच्या पायऱ्या करायच्या आहेत. उंची 35 इंच. हिशेब कसा करू?

उत्तर : उंची डेकच्या कडेखाली मोजली असेल, तर पुन्हा मोजा. पायऱ्या जिथे टेकणार, त्या जागेपासूनची उंची धरायची; अंगणाला उतार असला की इथेच फसगत होते. तिथेही 35 भरले, तर 7 इंचांचे पाच चढ. अमेरिकी निवासी संहितेत कमाल पावणेआठ इंच चालतात, पण पायाला सातच बरे. दोन पायऱ्यांच्या उंचीत 3/8 इंचाहून जास्त फरक चालत नाही. म्हणून स्ट्रिंगर (पायऱ्यांचा तिरपा आधार) खालून एका फळीच्या जाडीएवढा कापा. नाहीतर एक इंची फळ्या बसल्यावर पहिला चढ आठ इंचांचा आणि शेवटचा सहाचा होईल!

स्ट्रिंगर प्रक्रिया केलेल्या लाकडाचेच हवेत. कंपोझिट भार पेलायला कच्चं, उन्हात आणखी लवतं. त्यामुळे बहुतेक फळ्यांना पायऱ्यांवर बारा इंचांवर किंवा त्याहून जवळ आधार लागतो. नेमकं अंतर कंपनीच्या पत्रकात पाहा. प्रत्येक पायरीला साडेपाच इंची दोन फळ्या, मध्ये पाव इंच फट. चार किंवा जास्त चढ असले की कठडा सक्तीचा. परवाना नगरपालिकेकडून आधीच काढा.