२६, २७.५ की २९? एमटीबीचं चाक निवडताना

प्रश्न : मी साताऱ्यात राहते. उंची पाच फूट एक इंच. अजिंक्यताऱ्याच्या आसपासच्या आणि यवतेश्वरकडच्या कच्च्या वाटांवर चालवायला एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घ्यायची आहे. दुकानात सांगतात, "आता सगळे २९च घेतात, तुम्हीही तीच घ्या." भाऊ म्हणतो, २७.५ घे. त्याची जुनी २६ची सायकल घरात नुसतीच उभी आहे. चाक जितकं मोठं तितकी सायकल चांगली, असं खरंच असतं का? २६ एकाएकी बाद का झाली? आणि भावाच्या सायकलला मोठी चाकं बसवता येतील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्यासाठी २७.५. भावाचं म्हणणं बरोबर आहे. दुकानदारही खोटं सांगत नाही, फक्त येणाऱ्या प्रत्येकाला एकच सल्ला देतो आहे. मोठ्या चाकाचे फायदे खरे आहेत. पण बोलबाला आहे तेवढे ते मोठे नाहीत, आणि पदरात पडायला चालवणाऱ्याची उंची तेवढी असावी लागते.

आधी आकड्यांचं बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. २६, २७.५, २९ हे इंच म्हणजे टायर चढवून हवा भरल्यावर चाकाचा अंदाजे बाहेरचा व्यास. टायर जाड किंवा बारीक झाला की तो बदलतो. खरं माप टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत उठवलेलं असतं. भावाच्या सायकलचा टायर ओल्या फडक्याने पुसून बघा, ५०-५५९ किंवा ५४-५५९ असं काहीतरी दिसेल. पहिला आकडा टायरची रुंदी. दुसरा, टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. दोन्ही मिलिमीटरमध्ये. २६ची रिम ५५९, २७.५ची ५८४, २९ची ६२२. आता वजाबाकी करा. पहिल्या दोघींत फरक २५ मिलिमीटरचा, पुढच्या दोघींत ३८चा. नावावरून २७.५ बरोबर मध्यावर असावी असं वाटतं, प्रत्यक्षात ती २६च्या जवळची आहे.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दांडीच्या सायकलची २८ बाय दीडची रिम ६३५ मिलिमीटरची असते. आजच्या २९च्या रिमपेक्षा १३ मिलिमीटर मोठी! गवळी, पोस्टमन आणि शाळामास्तर कितीतरी वर्षं तिच्यावरून कच्च्या रस्त्यांनी गेले. जुन्या साध्या सायकलींवरचं २६ बाय १ ३/८ हे माप तर आणखी निराळं, ५९०चं. म्हणून "२६चा टायर द्या" एवढंच सांगून टायर आणू नका. मिलिमीटरचा आकडा लिहून न्या.

आता २६ आलं कुठून ते. कोणी प्रयोग करून हे माप ठरवलेलं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तिथली पोरं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या श्विन कंपनीच्या जड सायकली जुन्या बाजारातून उचलून आणायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. श्विनने १९३३मध्ये फुगीर 'बलून' टायर बाजारात आणला होता, तो २६ इंची होता. मातीत टिकेल असा जाड टायर तोच, म्हणून चाक तेच. फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली 'रीपॅक' शर्यत झाली. या सायकलींना मागे पायाचा ब्रेक होता. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं, आणि खाली पोचल्यावर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. तिथल्याच जो ब्रीझने १९७७मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बांधली, गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची यांनी पुढे अशा सायकली विकायला सुरुवात केली, १९८१मध्ये स्पेशलाइझ्ड कंपनीची स्टम्पजम्पर आली आणि माउंटन बाइक जगभर पोचली. सगळ्यांची चाकं २६.

इथे एक फाटा फुटता फुटता राहिला. इंग्लंडमध्ये जेफ अॅप्स नावाचा माणूस चिखलात चालवण्यासाठी स्वतःच्या सायकली घडवत होता. तो फिनलंडचे बर्फासाठी बनवलेले नोकियन हाक्कापेलिटा टायर वापरायचा, ६५०बी मापाचे, म्हणजे आजचं २७.५. १९८०च्या सुमारास त्याने काही टायर फिशर आणि केलीकडे धाडले. त्यांना ते आवडलेही. पण पुरेसे टायर मिळेनात आणि विषय तिथेच संपला. पुरवठा झाला असता तर आज तुमच्या भावाची जुनी सायकल कदाचित २७.५ची असती.

पुढेही हेच घडत गेलं. ६२२ची रिम रस्त्यावरच्या सायकलींना कधीपासूनच होती. १९९९मध्ये डब्ल्यूटीबी कंपनीने तिच्यासाठी नॅनोरॅप्टर हा जाड टायर काढला आणि २९चा मार्ग मोकळा झाला. ६५०बी हे फ्रेंच प्रवासी सायकलींचं जुनं माप होतं. अमेरिकेत कर्क पॅसेंटीने २००७मध्ये त्यासाठी डोंगराचा टायर आणला आणि २७.५ परत आलं. रिमा होत्याच, टायर आले तेव्हा मापं चालू झाली.

२०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोन्ही मापं समोरासमोर आली. हॅडली फार्मच्या मार्गावर चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी २९वर होता, स्वित्झर्लंडचा निनो शूर्टर २७.५वर. जवळपास दीड तास झुंजून कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. एका सेकंदावरून चाकाचा निकाल लावणं चूक ठरेल, पण दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत. एक, शर्यतीत पुढे असलेले आता २६वर नव्हते, आणि पुढच्या काही वर्षांत कंपन्यांनी २६चे चांगले फोर्क, रिमा आणि टायर काढणं जवळजवळ थांबवलं. तुमच्या भावाची सायकल बाद झाली ती अशी, तिच्यात खोट होती म्हणून नव्हे. दुसरी गोष्ट, उंचीने कुल्हावीपेक्षा बराच कमी असलेला शूर्टर पुढे स्वतःही २९कडे वळला आणि २०१६मध्ये रिओत त्याने सुवर्णपदक घेतलं. तेव्हा २९ फक्त ताडमाड उंच माणसांसाठी असते, हेही खरं नाही. मात्र शूर्टर पाच फूट आठ इंचांच्या आसपास आहे, पाच फूट एक नव्हे.

मोठं चाक नेमकं करतं काय? खेळण्यातल्या गाडीचं चाक उंबऱ्याला अडतं आणि बैलगाडीचं चाक सहज पार होतं, तेच. वाटेत ८ सेंटिमीटर उंचीचा दगड आहे असं धरा. चाक जसं मोठं, तशी दगडाला त्याची गाठ आधी पडते आणि ते तेवढीच उंची थोड्या जास्त अंतरात चढतं. हिशेब केला तर नेहमीच्या टायरसकट २६चं चाक हा दगड साधारण साडेएकवीस सेंटिमीटरांत चढतं, २७.५चं सव्वाबावीस सेंटिमीटरांत, २९चं तेवीस सेंटिमीटरांत. एका दगडाला फरक एवढाच. पण सुटे दगड, मुळं आणि उघडा कातळ यांनी भरलेल्या लांब वाटेवर असे शेकडो धक्के बसतात, आणि प्रत्येक धक्का जरा बोथट झाला की वेग कमी तुटतो, हात कमी दुखतात. मोठं चाक खळग्यातही कमी बुडतं. शिवाय जमिनीवर टेकलेला टायरचा भाग लांबट होतो, त्यामुळे मुरमाड चढावर मागचं चाक जरा उशिरा घसरतं. २९चा खरा जोर इथे आहे.

किंमतही मोजावी लागते. रिम, टायर, ट्यूब सगळंच थोडं मोठं, दोन्ही चाकांत मिळून वजन काहीशे ग्रॅमने वाढतं. कडेचं वजन फिरवायला जास्त जोर लागतो, हे प्रत्येक वळणातून बाहेर पडताना जाणवतं. ऐंशी किलोच्या माणसाला ते फारसं कळणार नाही, पन्नास किलोच्या व्यक्तीला कळेल. गिअर तेच ठेवले तर २९वर चढ २७.५पेक्षा पाचेक टक्के जड लागतो, कारण पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल तेवढी पुढे जाते.

तुमच्या बाबतीत मात्र निर्णय करते ती उंची. २९चा आस २७.५पेक्षा १९ मिलिमीटर वर असतो. पुढे त्यावर फोर्क, फोर्कवर हँडल, म्हणजे हँडलही तेवढं वर सरकतं. लहान फ्रेमवर ते सीटच्या वर जाऊन बसतं, चढावर पुढचं चाक हलकं पडून भरकटतं आणि वळणात शरीराचा भार पुढे टाकता येत नाही. काही लहान फ्रेमवर तर वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. तीव्र उतारावर आपण सीटच्या मागे सरकतो, तेव्हा मागचं मोठं चाक कमी उंचीच्या माणसाला खालून घासतं. ही अडचण शर्यतीतल्या लोकांनाही होती. म्हणूनच यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१९पासून पुढे २९ आणि मागे २७.५ अशी जोडी लावायला परवानगी दिली. ट्रेकसारखी कंपनी तर आपल्या मार्लिन या मॉडेलच्या एक्सएस आणि एस फ्रेमना २७.५ देते आणि एमपासून वर २९. बनवणाराच हे सांगत असताना दुकानात वेगळं ऐकायचं कारण नाही.

माझा ठोकताळा असा : पाच फूट तीनपर्यंत २७.५. पाच फूट सातच्या वर बेलाशक २९. मधल्यांनी दोन्हींवर बसून बघावं आणि वाटा पाहून ठरवावं. लांब, सलग, खडबडीत चढ-उतार असतील तर २९. झाडीतल्या अरुंद, सतत वळणाऱ्या पायवाटा असतील तर २७.५.

चाकाच्या मापाइतकं, किंबहुना जास्तच, महत्त्व टायरला आणि हवेला आहे. २७.५वर २.३ इंची टायर घातला तर २९वरच्या बारीक, टणक टायरपेक्षा तुम्ही कातळावर जास्त सुखात जाल. आपल्याकडे पंक्चरवाला अंगठ्याने दाबून दगडासारखा लागेपर्यंत हवा भरतो आणि आपणही "कडक आहे" म्हणून समाधान मानतो. डोंगरात ते चुकीचं. तुमचं वजन पंचावन्न किलोच्या आसपास असेल आणि टायरमध्ये ट्यूब असेल, तर पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयपासून सुरुवात करा. यासाठी मीटरचा हातपंप घ्यावा लागेल, अंगठ्याला हा फरक कळत नाही. हवा फारच कमी झाली तर रिम दगडावर आपटते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. अशा दोन चिरा दिसल्या की काटा शोधत बसू नका, तीन-चार पीएसआय वाढवा. आणि टायर कोणताही असो, कासच्या सड्यावर सायकल नेऊ नका. तिथली फुलं बोटभर मातीच्या थरावर जगतात.

भावाच्या सायकलला मोठी चाकं बसवण्याबद्दल : नको. साधे रिम ब्रेक असतील तर २७.५ची रिम साडेबारा मिलिमीटर वर येते आणि ब्रेकचे रबर तिथवर पोचत नाहीत. डिस्क असेल तर चाक कदाचित बसेलही, पण फोर्क आणि टायरमधली फट संपते, पावसाळ्यातला चिखल तिथे अडकतो आणि चाक जाम होतं.

आता दुकानात गेलात की २७.५ची एक्सएस किंवा एस फ्रेम मागा. दांडी दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीवर सपाट टेकवून उभ्या राहा, शरीर आणि दांडी यांच्यात किमान दोन इंचांची मोकळी जागा हवी. मग दुकानाबाहेर एखाद्या चढावर चालवून हँडल पूर्ण वळवून बघा. चालवू देत नसतील तर दुसरं दुकान गाठा. आणि भावाची २६ भंगारात घालू नका. तिचे साधे टायर-ट्यूब आजही तालुक्याच्या गावात मिळतात. केबल बदलून, हबमध्ये ग्रीस भरून आणि दोन नवे टायर घालून घेतले, तर नवी सायकल येईपर्यंत त्याच वाटांवर तिच्यावरूनच सुरुवात करता येईल.