परदेशातून आणलेली शिदोरी

पाठपरिचय

दुसऱ्या देशात जाऊन तेथील उद्योगांचे व्यवस्थापन अभ्यासण्याची प्रथा आता सर्वत्र रुळली आहे. अशा देवाणघेवाणीतून नेमके काय शिकावे, आणि नेतृत्व व उद्योगाची सामाजिक जबाबदारी यांचा तिच्याशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत पाठात जपान व भारत यांच्या अनुभवांच्या आधारे केला आहे.

पाठ

दुसऱ्या महायुद्धाने जपानची अर्थव्यवस्था मोडकळीस आणली होती. १९४९ मध्ये महागाई आवरण्यासाठी सरकारी खर्चावर कठोर नियंत्रण आले, बाजारात पैसा खेळेनासा झाला आणि अनेक कारखाने अडचणीत सापडले. टोयोटा मोटर कंपनी त्यांपैकीच एक होती. कामगारांना कामावरून कमी करणार नाही, असा शब्द तिचे अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनी दिला होता. परंतु कर्जाच्या ओझ्यापुढे तो पाळणे अशक्य झाले. कामगारांनी तीव्र विरोध केला. अखेर जून १९५० मध्ये किइचिरो यांनी स्वतःच अध्यक्षपद सोडले. शब्द मोडण्याची वेळ आली, तर त्याची किंमत नेत्यानेही मोजली पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले.

पुढच्याच महिन्यात त्यांचे चुलतबंधू एजी टोयोडा अमेरिकेला गेले आणि फोर्ड कंपनीच्या कारखान्यांचा त्यांनी अभ्यास केला. तेथील अवाढव्य यंत्रे विकत घेण्याची टोयोटाची ऐपत नव्हती. परंतु फोर्डमध्ये कामगारांकडून सुधारणेच्या सूचना मागवल्या जात. ही पद्धत स्वीकारण्यास भांडवल लागत नव्हते. लागत होती ती केवळ हाताखालच्या माणसाचे ऐकून घेण्याची तयारी. १९५१ मध्ये टोयोटात ही योजना सुरू झाली. ज्या कंपनीत वर्षभरापूर्वी मालक आणि कामगार परस्परांसमोर उभे ठाकले होते, तेथे कामगाराच्या अनुभवाला मान मिळू लागला.

१९५५ मध्ये जपान उत्पादकता केंद्राची स्थापना झाली. या केंद्राने अमेरिकेला अभ्यासगट पाठवले. त्यांत व्यवस्थापकांबरोबर कामगार संघटनांचे प्रतिनिधीही जात. नवे तंत्र आले की आपला रोजगार जाणार, ही कामगारांची भीती निराधार नव्हती. म्हणूनच केंद्राने आरंभीच तीन तत्त्वे जाहीर केली : उत्पादकता वाढवताना रोजगार टिकवावा व वाढवावा, मालक आणि कामगार यांनी विचारविनिमयाने काम करावे, आणि वाढलेल्या उत्पादनाची फळे मालक, कामगार व ग्राहक यांच्यात न्याय्य रीतीने वाटली जावीत. मिळवलेल्या ज्ञानाचा लाभ कोणाला व्हावा, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही.

जे जपानने अमेरिकेकडून घेतले, ते स्वतःच्या अनुभवाची भर घालून पुढे इतर देशांना दिले. भारत आणि जपान यांच्या सहकार्याने २००७ मध्ये भारतीय उत्पादनक्षेत्रातील व्यवस्थापकांसाठी एक नेतृत्व प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. कानपूर व मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था, कलकत्त्याची भारतीय व्यवस्थापन संस्था आणि भारतीय उद्योग महासंघ त्यात सहभागी होते. प्रशिक्षणार्थी जपानमधील कारखानेही पाहून येत. या कार्यक्रमाचे मार्गदर्शक प्राध्यापक शोजी शिबा यांना भारत सरकारने २०१२ मध्ये ‘पद्मश्री’ देऊन गौरवले.

शिबा यांचा एक दृष्टान्त प्रसिद्ध आहे. काचेच्या भांड्यातील मासे बाहेर उभे राहून पाहिले, तर केवळ त्यांची हालचाल दिसते. त्यांचे जगणे समजून घ्यायचे असेल, तर पाण्यात उडी घेऊन त्यांच्यासोबत पोहावे लागते. नंतर बाहेर येऊन, जे अनुभवले त्यावर चिंतन करावे लागते. व्यवस्थापकानेही आपल्या कक्षात बसून अहवाल वाचण्यावर न थांबता ग्राहकाच्या घरी आणि कामगाराच्या यंत्रापाशी जावे, असा याचा अर्थ. अधिकाराचा तोरा उतरवल्याशिवाय ही उडी घेता येत नाही. परक्या देशात गेलेल्या माणसाचा तोरा सहज उतरतो. तेथे त्याला कोणी ओळखत नाही आणि साध्या गोष्टीही विचाराव्या लागतात. स्वदेशी परतल्यावर ही नम्रता टिकवणे हीच खरी कसोटी.

भारतात कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. त्यानुसार ठरावीक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. या तरतुदीतून शाळा, आरोग्य, पर्यावरण अशा कार्यांना साहाय्य मिळते. तथापि, नफ्यातील दोन टक्के दिले म्हणजे जबाबदारी संपली, असे मानणे योग्य नव्हे. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले, हेही महत्त्वाचे आहे. कामगाराची सुरक्षितता, लहान पुरवठादाराचे वेळेवर चुकते केलेले पैसे आणि कारखान्यातून नदीत जाणाऱ्या पाण्याची शुद्धता यांतून उद्योगाचे चारित्र्य दिसते.

परदेशातून यंत्र आणता येते, तंत्रही आणता येते. परंतु त्यांचा उपयोग कोणाच्या हितासाठी करायचा, याचा निर्णय घरी परतल्यावर आपल्यालाच करावा लागतो. तो निर्णय करणे आणि त्याच्या परिणामांची जबाबदारी स्वीकारणे, यालाच नेतृत्व म्हणतात.

स्वाध्याय

१. किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद का सोडले? त्यांची कृती तुम्हाला योग्य वाटते का? सकारण लिहा.
२. जपान उत्पादकता केंद्राची तीन तत्त्वे तुमच्या शब्दांत सांगा.
३. ‘उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले, हेही महत्त्वाचे आहे.’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील एखादा कारखाना, दुकान किंवा कार्यालय पाहा. तेथे काम करणाऱ्यांच्या सूचना कशा ऐकल्या जातात, याविषयी आठ ते दहा ओळी लिहा.