तार पुसू नकोस गं

आधी तो लॅपटॉप मिटव बघू. रात्रीचे अकरा वाजून गेलेत, सकाळी डब्याची घाई आहे, आणि तू त्या स्लायडरांच्या रांगेसमोर बसून डोळे चोळतेयस. फोटो कुठे पळून जात नाहीत. उद्यापर्यंत तुझ्या डोळ्यांना थोडा आराम मिळेल, मग एडिटिंगपण बरं होईल.

तुझ्या बोलण्यावरून मला वाटतं, तुझ्या मनात दोन भीती एकदम घुसल्यात. एक म्हणजे हे एडिटिंग आपल्याला जमायचं नाही. आणि दुसरी म्हणजे, जमलं तर ती लबाडी होईल. बघ, पहिली भीती चार रविवारांत जाते. दुसरीबद्दल मात्र नीट बोलायला हवं, कारण ती थोडी खरी आहे.

खरं सांगू का, एडिटिंग न केलेला फोटो अशी वस्तूच नसते. कॅमेऱ्यातून तयार जेपेग बाहेर येतो तेव्हा आतल्या चिपने रंग गडद केलेले असतात, कडा धारदार केलेल्या असतात आणि उरलेली माहिती टाकून दिलेली असते. रॉ म्हणजे कोरडा शिधा आणि जेपेग म्हणजे वाढून आलेलं ताट. ताटात मीठ जास्त पडलं तर तू काय करणार? म्हणून रॉमध्ये काढ. आणि हे काही आजचं खूळ नाही. जुन्या घरांतले लग्नाचे काळेपांढरे फोटो बघ, स्टुडिओवाल्याने ब्रशने गाल गुलाबी केलेले आणि शालूला हिरवा रंग दिलेला असतो. त्याला कोणी लबाड म्हणालं नाही. पण त्याने नवरीशेजारी दुसराच नवरा उभा केला असता तर?

आता तुझा तो गायबगळ्याचा फोटो घेऊ. रोटाव्हेटरमागे पळणारा. फोटो चांगला आहे गं, उगाच रडू नकोस. फक्त बगळा चुन्यासारखा पांढरा झालाय. काळी माती बघून कॅमेऱ्याला वाटलं अंधार आहे, म्हणून त्याने उजेड वाढवला. स्क्रीनवर फोटो शंभर टक्के मोठा कर आणि बगळ्याच्या पाठीकडे बघ. पिसांच्या बारीक रेषा दिसतायत का? दिसत असतील तर हायलाइट्स खाली ओढ, त्या परत येतील. ओढूनही सगळं सपाट पांढरंच राहिलं तर तिथे काहीच उरलेलं नाही, आणि नसलेलं पीस कोणताही स्लायडर आणू शकत नाही. पुढच्या वेळी शेतातच एक्स्पोजर थोडं मायनसमध्ये घे. अंधारलेलं उजळता येतं, जळलेलं परत येत नाही.

मग व्हाइट बॅलन्स. इथे एक गंमत ऐक. सगळ्यांना फोटो सोनेरी करायची हौस असते, मलाही होती. माझे पहिल्या वर्षाचे सगळे पक्षी कावीळ झाल्यासारखे दिसतात, बघायला ये एकदा. पण गायबगळ्याच्या बाबतीत ही हौस महागात पडते. विणीच्या दिवसांत त्याच्या डोक्यावर, मानेवर नारिंगी-बदामी रंग चढतो आणि हिवाळ्यात तो पांढराशुभ्र असतो. तू जानेवारीतला बगळा सोनेरी केलास की जाणकार म्हणणार, अगं हा विणीच्या पिसाऱ्यात कसा? शिक्र्याच्या डोळ्याचंही तसंच. पिल्लाचा डोळा पिवळा असतो, मोठ्या नराचा लालबुंद. म्हणजे पक्ष्याच्या अंगावरचा रंग ही सजावट नसते, त्याचं वय आणि ऋतू त्यावर लिहिलेला असतो. म्हणून रंग ओढताना हात आखडता घे. शंका आली तर पाच मिनिटं उठून कुकर लाव आणि परत येऊन बघ. डोळे ताजे झाले की जास्तीचं लगेच खटकतं.

क्षितिज सरळ कर, हवा तेवढा क्रॉप कर, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पूस, नॉइज थोडा कमी कर. नॉइज फार पुसलास की पिसं प्लॅस्टिकची होतात, आणि धार फार काढलीस की पक्ष्याभोवती पांढरी किनार उमटते. ती किनार दिसली की दोन पावलं मागे ये. बास, एवढंच एडिटिंग आहे. बाकीचे स्लायडर मीसुद्धा वापरत नाही.

आता तारेचं. तू विचारलंस, नीलपंखाच्या मागची विजेची तार आणि ती कंपनीची चिमणी पुसून टाकू का, मग फोटो ‘जंगलातला’ वाटेल. बघ, हे मी करून बसलेय. तार मोठ्या सफाईने पुसली, खूश झाले, फोटो सगळ्यांना पाठवला, आणि मग नणंदेने विचारलं, वहिनी, हा पक्षी बसलाय कशावर? हवेत बसला होता बिचारा. हसलीस ना? हस. पण त्या हसण्यातच माझं म्हणणं आहे.

तू सणसवाडीत राहतेस. एका बाजूला नगर रस्ता, पाठीमागे कारखाने, डोक्यावर उच्चदाबाच्या तारा, आणि तरीही त्या तारांवर नीलपंख, कोतवाल, वेडा राघू बसतात. टिटवी कंपनीच्या कुंपणाआत रिकाम्या प्लॉटवर अंडी घालते. हे खरं आहे आणि हे कुणी फारसं टिपत नाही. ताडोबाचा वाघ हजारो लोक टिपतात. चिमणीच्या धुरापुढचा नीलपंख तुझ्याशिवाय कोण काढणार गं?

आणि हे मी तुला समजूत घालायला म्हणत नाही. मुंबईच्या नयन खानोलकरांचा फोटो शोधून बघ. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागात पहिला आला. आरे कॉलनीतली अरुंद गल्ली, दोन्हीकडे घरांच्या भिंती, आणि मधून शांतपणे चाललेला बिबट्या. त्यांनी कॅमेरा असा लावला होता की बिबट्याने सगळी चौकट व्यापू नये, आणि फ्लॅश असे लावले की गल्लीतला नेहमीचा उजेडच वाटावा. त्यासाठी महिनेच्या महिने वाट बघितली. भिंती पुसून मागे झाडं चिकटवली असती तर तो एक साधा बिबट्या उरला असता. गल्ली होती म्हणून बक्षीस मिळालं.

त्याच स्पर्धेचा नियमही लक्षात ठेव. उजेड, कॉन्ट्रास्ट, क्रॉप, धूळ हे चालतं. चौकटीतली वस्तू घालणं किंवा काढणं चालत नाही, आणि शेवटच्या फेरीत मूळ फाइल मागतात. म्हणून मूळ फाइल कधीही डिलीट करायची नाही, समजलं? हार्ड डिस्कवर एक प्रत आणि आणखी कुठेतरी दुसरी. घराच्या भिंतीवर लावायला तार पुसायचीच असेल तर पूस बाई, पण कुणी विचारलं तर सांग. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्डवर नोंद म्हणून टाकणार असशील तर मात्र हात लावू नकोस.

पण एक बघ, लबाडी काय नेहमी कॉम्प्युटरवरच होते असं नाही. याच स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणारा लांडगा पहिला आला होता, आणि २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं. परीक्षकांच्या मते तो बहुधा पाळलेला, भाड्याने मिळणारा लांडगा होता. २०१८ मध्ये ब्राझीलच्या एका मुंगीखाऊच्या फोटोचं बक्षीस गेलं, कारण तो पेंढा भरलेला असावा असं तज्ज्ञांना वाटलं. दोन्हीत फोटोशॉपचा दोष नव्हता.

आपल्याकडे हे वेगळ्या रूपात होतं. तू रोहित पक्षी बघायला भिगवणला जाणार म्हणतेस. शिक्रापूरहून न्हावरे, पुढे चौफुला आणि मग सोलापूर रस्ता, असं जा. उजनीचं पाणी ओसरून चिखल उघडा पडला की रोहित येतात, कुंभारगावात आणि डिकसळला नावाडी भेटतात. ते चांगले जाणकार असतात, पक्षी लांबून ओळखतात. पण पुण्याहून आलेला एखादा म्हणतो, जरा जवळ घ्या, उडवा, उडतानाचा फोटो हवाय. मग होडी सरळ थव्यात जाते आणि खाणारे पक्षी उठतात. तो फोटो एडिट न करता टाकला तरी मला तो खोटा वाटतो. तू बसल्याबसल्या नावाड्याला सांग, दादा, लांबूनच, उडवायचे नाहीत. त्यांनाही बरं वाटतं. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला गेलीस तरी तेच. जेमतेम पाच चौरस किलोमीटरची जागा आहे ती. तिथे मागे लागायचं नाही, झाडाआड उभं राहायचं. आणि लांडग्याचं बीळ किंवा पक्ष्याचं घरटं सापडलं तर फोटोतलं लोकेशन काढल्याशिवाय तो कुठे टाकायचा नाही.

मोराचं तर तुझ्या तालुक्यातलंच आहे, मोराची चिंचोली. पावसाळ्यात जा, तेव्हा पिसारा भरलेला असतो. पाऊस सरता सरता मोर ती लांब पिसं गाळतो, आणि मग थंडीत सुट्टी मिळालेली माणसं जाऊन नाराज होतात. आता मोबाइलमध्ये एक बोट लावलं की पिसारा चिकटतो. नोव्हेंबरातला पूर्ण पिसाऱ्याचा मोर दिसला की मी आधी तारीख विचारते.

आता जरा गंभीर बोलते, कान इकडे कर. शिरूर तालुक्यात उसात बिबट्या आहे. लोकांचे जीव गेलेत. जुन्नर वनविभागात तुमचा तालुकाही येतो, आणि दिवसा वीज द्या म्हणून शेतकरी का ओरडतात ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. अशा गावात गंमत म्हणून बिबट्याचा एआयने बनवलेला फोटो ‘आपल्या वेशीवर’ म्हणून ग्रुपवर टाकायचा नाही. तुझ्याकडे कुणी पाठवला तर पुढे ढकलायचाही नाही. बाया शेतात जायच्या थांबतात, पोरांची शाळा बुडते, वनरक्षक रात्री धावतात, आणि पुढे खरा बिबट्या दिसला तर कुणी विश्वास ठेवत नाही. खरंच दिसला तर वनखात्याला कळव, १९२६ वर फोन लागतो. फोटो नंतर.

आणि अजून एक. सगळे व्हिडिओवाले सांगतात, पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत यायला जमिनीवर झोप. त्यांचं बरोबर आहे, फोटो सुंदर येतो. पण उसाच्या कडेला नाही हं! बसलेला, वाकलेला माणूस बिबट्याला छोट्या जनावरासारखा दिसू शकतो. वेळ नदीच्या उघड्या काठावर झोप हवं तर, दोघी-तिघी असाल तेव्हा, उजाडल्यावर. एकटीने पहाटे उसाजवळ जायचं नाही, आणि ‘ताई, मी काळजी घेईन’ असं म्हणायचंही नाही.

पैशाचं आता. मोठी लेन्स घेऊ नकोस एवढ्यात. जुना कॅमेरा आणि सत्तर-तीनशेची लेन्स पुरे आहे. सॉफ्टवेअरला तर काहीच लागत नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत, मोबाइलवर स्नॅपसीड आहे. लॅपटॉप हळू चालतो म्हणतेस तर तीनशे फोटो एकदम उघडू नकोस. घरी आल्यावर आधी नुसतं चाळ, अगदी ठीक वाटतील ते दहा बाजूला ठेव आणि बाकीच्यांकडे दोन दिवस बघूच नकोस. मोबाइलच्या मोठ्या झूमवर भरवसा ठेवू नकोस. फोन न दिसलेली पिसं स्वतःच अंदाजाने काढतो.

आणि सासूबाई ‘पाखरांमागे काय फिरतेस’ म्हणतात ना? त्यांना घेऊन जा एकदा. त्यांना कोणता पक्षी कुठे बसतो, सुगरण कोणत्या विहिरीवरच्या बाभळीला घरटी बांधते, भोरड्या ज्वारीवर कधी उतरतात, हे तुझ्या कुठल्याही ॲपपेक्षा जास्त ठाऊक असेल.

तर आता असं कर. तो तारेवरचा नीलपंख, चिमणीसकट, न पुसलेला, मला उद्या पाठव. मूळ फाइल पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर दाबून लहान केलेली नको. रविवारी मी वाघोलीपर्यंत येणारच आहे, तिथून तुझ्याकडे येते. चहा तुझा, कार्ड रीडर माझा. आणि मागच्या वेळी बॅटरी चार्जरलाच राहिली होती, ती आठवणीने आत टाक.