तबकडी आणि धुऱ्यावरचा पळस

गोल्फ म्हणजे साहेबलोकांचा खेळ, अशीच माझी समजूत होती. पण चेंडूऐवजी तबकडी फेकून खेळायचाही गोल्फ आहे! एड हेड्रिक या गृहस्थाने १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कात त्याचे पहिले कायमचे मैदान आखले. साखळ्या लोंबणारी टोपलीही त्याचीच. तबकडी पडेल तिथून पुढची फेक, आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठायची.

आमच्या तुमसरकडे धान कापले की बांध्या मोकळ्या होतात. टोपलीच्या जागी मी धुऱ्यावरचा पळस धरला. मैदानात मुलांचे क्रिकेट. इथे भिडूसुद्धा लागत नाही.

तबकडी गरगर फिरली तरच स्थिर उडते. नुसता जोर लावला तर लटपटते, हे कळायला मला आठवडा लागला. उजव्या हाताने, छातीजवळून झटका देऊन फेकली की वेग मंदावताच ती डावीकडे कलते. म्हणून नेम झाडाच्या थोडा उजवीकडे धरावा.

बाबा पोती वाहून माझी फी भरतात. एकदा बांधीवर येऊन म्हणाले, "का बाई, कॉलेजात हेच शिकवतेत का?" उत्तर सुचेना. मी तबकडी त्यांच्या हाती दिली. पहिली फेक शेजारच्या बांधीत गेली. दुसरीही. तिसऱ्यांदा त्यांनी ती स्वतःच मागून घेतली.